मुंडकी नसलेले फोटो

माझ्या फोटोत माणसांना मुंडकी नसायची. फार तर कोपरापर्यंत माणूस यायचा, एरवी गुडघ्यापासून खालीच सगळा कारभार. हा माझा गुन्हा होता की माझी शैली, हे ठरवायला मला सात वर्षं लागली. आणि ठरलं तेव्हा ती शैली दुसऱ्याच्या नावावर लागलेली होती.

माणसं पायांवरून ओळखायला मी शिकले ती सासरी. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन नामपूरला गेले. पदर कपाळाच्या खाली, थोरांसमोर मान वर करायची नाही. पदराच्या काठाखालून दिसेल तेवढं जग माझं, आणि त्यात चेहरे नव्हतेच. पहिल्याच आठवड्यात ओसरीवर दोन भारदस्त पाय दिसले. चुलतसासरे आले असं समजून मी वाकले. ते निघाले कांद्याच्या व्यापाऱ्याचे मुनीम. त्या बिचाऱ्यांनीही घाबरून "अष्टपुत्रा सौभाग्यवती भव" देऊन टाकलं. घर वर्षभर हसत होतं. त्यानंतर मात्र मी बोर्डाच्या परीक्षेला बसल्यासारखा पायांचा अभ्यास केला. कोण रागावून आलंय, कुणाला चहा हवाय, कोण खोटं बोलतंय, सगळं मला घोट्यांवरून कळायला लागलं.

पुढे आम्ही नाशकात आलो, पदर खांद्यावर आला, मान वर झाली. नजर खालीच राहिली.

एकसष्टाव्या वर्षी मुलाने त्याचा जुना कॅमेरा मला दिला. "आई, तुला काहीतरी छंद हवा," म्हणाला. म्हणजे सुनेच्या स्वयंपाकात नाक खुपसू नकोस. मी गंगापूर रोडला एका फोटोग्राफीच्या वर्गाला नाव घातलं. दर रविवारी सकाळी बारा विद्यार्थी. मी सोडून सगळे पोरवयाचे. शिकवणारे सर माझ्या धाकट्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, पण मी त्यांना "अहो सर" म्हणायची आणि पहिल्या बाकावर बसून त्यांचं वाक्यन् वाक्य वहीत उतरवायची. शेंगदाण्याची चटणी करून न्यायची ती वेगळीच. आज ती बाई समोर आली तर तिच्या हातातला चटणीचा डबा काढून घेईन.

तेव्हा माझ्या सासूबाई होत्या, पंच्याऐंशीच्या पुढच्या. नामपूर सोडायला तयार नव्हत्या. सुट्टीत गेले तर त्या कांदे साठवायच्या चाळीपाशी बसून कांदे निवडत होत्या. टरफलांच्या ढिगात त्यांचे पाय, एकावर एक टाकलेले. भेगांत माती, झिजून तारेएवढी झालेली जोडवी. सासरे गेल्यावर ती काढायला त्यांनी साफ नकार दिला होता. मी मातीत पालथी पडून फोटो काढायला लागले.

त्या म्हणाल्या, "तोंड सोडीसन पायस्ना फोटू काढी राहिनी का व माय?"

"तुमचं तोंड मी पाहिलं कधी? दहा वर्षं तर पायच बघितले तुमचे."

त्या इतक्या हसल्या की पायाची बोटं फाकली. ते फाकणं नेमकं फोटोत आलं. त्या दिवशीचे चाळीसेक फोटो होते, पण तो एक काढला तेव्हा माझ्या हातालाच कळलं होतं की हा लागला.

पुढच्या रविवारी सरांनी सगळ्यांचे फोटो कॉम्प्युटरवर घेतले आणि भिंतीवर दाखवले. माझी पाळी आली.

"काकू, मुंडकी कुठायत?"

वर्ग हसला. सगळ्यांत जोरात मी हसले.

"चेहरा म्हणजे माणूस," सर म्हणाले. "डोळे नाहीत तर फोटोत काय आहे? चूक आहे ही, शैली नव्हे. असले फोटो उडवायला शिका काकू. मी ठेवू का तुमचे कॉम्प्युटरवर?"

"उडवा हो सर, कचरा आहे तो," मी म्हणाले. आणि आपण किती शिकाऊ, किती नम्र, हे दाखवायला तिथेच कॅमेऱ्यातलं कार्डही पुसलं. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी लाजले! एकसष्टाव्या वर्षी, कचरा फेकल्याबद्दल टाळ्या मिळाल्या म्हणून लाजले.

त्यानंतर मी चेहरे काढत सुटले. नातवंडं मला बघून पळायची, कारण आजी म्हणजे "मान वर, हसा, पुन्हा हसा". सासूबाई पुढच्या वर्षी गेल्या. भिंतीवर लावायला फोटो शोधला, तर आधार कार्डावरचाच सापडला. तो मोठा करून घेतला. त्यात त्या पोलिसांनी पकडून आणल्यासारख्या दिसतात. चेहरा म्हणजे माणूस म्हणे! कॅमेऱ्याचं पुसलेलं कार्ड नातीने कुठून कुठून तपासून आणलं. त्यावर नंतर दोन बारशी आणि एक मुंज बसली होती. काही निघालं नाही.

गेल्या हिवाळ्यात वर्गाच्या ग्रुपवर निमंत्रण आलं. सरांचं प्रदर्शन. मी चांगली साडी नेसून गेले. आत पाऊल टाकलं आणि भिंतीभर पाय. घाटावरचे, बाजारातले, शेतातले; एकालाही मुंडकं नाही. दाराशी फलक होता, त्यावर सरांनी लिहिलं होतं की चेहरा खोटं बोलतो, पाय बोलत नाहीत.

मला पहिल्यांदा राग आला नाही. खरं सांगते, आशा वाटली. वाटलं, या माणसाने माझे फोटो ठेवून घेतले असणार, आणि त्यातला एखादा इथे टांगलाही असेल. एकेका चौकटीसमोर मी नाक लावून उभी राहिले. कांद्याची टरफलं शोधत होते. अकरा फोटो. एकातही सासूबाई नाहीत.

शेजारी एक बाई उभ्या होत्या. मी नुकतीच पुन्हा पायांचे फोटो काढायला लागले होते, तर सहज मोबाइलवर त्यांना दोन दाखवले.

"अय्या, अगदी सरांसारखे! छान शिकलात हो त्यांच्याकडून."

मी मोबाइल पर्समध्ये टाकला.

तेवढ्यात सर आले. "काकू! या या. कसं वाटलं?"

"सर, माझे ते जुने फोटो तुमच्याकडे आहेत का हो? नामपूरचे?"

त्यांचं हसू जागेवर राहिलं, पण बूट एक पाऊल मागे सरकला. "नाही, नाही, काकू. तुमचं काहीच नाहीये यात. हे सगळे मी स्वतः काढलेत."

"ते दिसतंय की. या फोटोतल्या बाईचे अंगठे बघा, कसे आकसलेत. तिला ठाऊक आहे फोटो निघतोय ते. मी या फोटोंबद्दल विचारत नाहीये. कॉम्प्युटरवर एखादा राहिला असेल, माझ्या सासूबाईंचा."

"तेव्हाच उडवले, काकू. तुम्हीच म्हणालात ना, कचरा आहे म्हणून."

आठवत होतं त्यांना. शब्दासकट आठवत होतं.

चोरायचंच होतं तर पुरतं तरी चोरायचं! फोटो चोरले असते तर मी भांडून परत आणले असते. त्यांनी माझी नजर तेवढी नेली आणि सासूबाईंना कचऱ्यात सोडलं. बरं, सरांशी निदान अबोला तरी धरता येतो. पण "उडवा हो सर" म्हणणारी ती शहाणी माझ्याच घरात राहते, माझाच चष्मा लावते. तिच्याशी अबोला धरायचा कसा?

दुसऱ्या दिवशी बाजारात गेले, भाजीवालीच्या पायांशी मोबाइल नेला.

"आज्जी, तोंड येऊ द्या की. लय दिवसांनी गजरा माळलाय."

मग तिचा चेहराही काढला, तिला पाठवला. पायांचा माझ्यासाठी ठेवला. सरांचा दोनदा फोन येऊन गेला. उचललेला नाही.