माठातली अहिराणी

या सदरातले अनुभव मी आजवर शुद्धलेखन तपासत वाचत आले. सवयच तशी. मराठी घेऊन एम.ए. केलं, त्यात काव्यशास्त्राची आवड... त्यामुळे न दिसणाऱ्या गोष्टी मला प्रतिमा म्हणून मान्य असत, वस्तुस्थिती म्हणून कधीच नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता आणि खरं सांगायचं तर आजही नाही. तरी हे लिहिते आहे, कारण जे घडलं ते मी माझ्या कानांनी ऐकलं, आणि एकटीनेच ऐकलं असंही नाही.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. लग्नाला दोन वर्षं झालेली. जळगावात, मेहरूणच्या तलावापासून चालत दहा मिनिटांवर आमचं भाड्याचं घर होतं. पुढे बसायची खोली, मागे स्वयंपाकघर, मग शहाबादी फरशीचं उघडं अंगण, आणि अंगण ओलांडून एक सुटी खोली. त्या खोलीला मागच्या गल्लीत उघडणारं स्वतःचं दार होतं. तिथे माझ्या मोठ्या जाऊबाई राहत. सगळे त्यांना अक्का म्हणत. मोठे दीर तरुणपणीच गेले होते, आणि आई नसलेल्या माझ्या नवऱ्याला, सुभाषना, अक्कांनीच वाढवलं होतं.

सुभाष पाइपच्या कारखान्यात सुपरवायझर होते. कामावरून येताना ते सायकल मागच्या गल्लीत लावत आणि आधी अक्कांच्या खोलीत शिरत. कधी कधी दुपारच्या सुटीतही ते तसेच मागच्या दाराने येऊन जात, मला पत्ताही लागत नसे. चहा तिथे, दिवसभराच्या गोष्टी तिथे. आणि त्या सगळ्या अहिराणीत.

माझं माहेर साताऱ्याकडचं. वडिलांची बदली धुळ्याला झाली म्हणून कॉलेजची शेवटची वर्षं तिथे काढली, पण ती पुस्तकांतच. अहिराणी माझ्या कानांवरून पाण्यासारखी वाहून गेली, आत मुरली नाही. सुभाष माझ्याशी बोलत ते स्वच्छ, नेमकं, ऑफिसात बोलावं तसं मराठी. अंगणापलीकडे मात्र त्यांचा आवाज वेगळाच होई — सैल, ओलसर, पोटातून येणारा. तिथलं हसू मी कधी माझ्या खोलीत ऐकलं नव्हतं. अक्का म्हणायच्या, "भाऊ, तुनी बायको पुस्तकमाईन बोलस." दोघं हसत. मीही हसे. त्या हसण्याची चव मला अजून आठवते, जिभेवर ठेवलेल्या तुरटीसारखी.

मला मत्सर वाटत होता. अक्कांचा नव्हे — त्या पन्नाशीच्या, वात्सल्याने भरलेल्या बाई होत्या. मत्सर वाटे तो त्या भाषेचा, जिच्यात माझा नवरा मला भेटत नव्हता.

त्या उन्हाळ्यात सुभाषनी घरभर गाणी पोचवायचं मनावर घेतलं. बाजारातली स्टिरिओ सिस्टीम आमच्या ऐपतीबाहेरची. मग त्यांनी धुळ्याच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून सुटे भाग आणले, तेलाच्या डब्याच्या पत्र्यात अ‍ॅम्प्लिफायर बसवला आणि तो पुढच्या खोलीत आमच्या रेडिओ-टेपच्या टू-इन-वनला जोडला. मोडक्या रेडिओंतले तीन स्पीकर काढले. कारखान्याच्या भंगारातले पाइपचे तुकडे भिंतीवरून, अंगणावरून नेऊन त्यांतून वायर ओढली. आणि स्पीकरच्या पेट्या परवडेनात म्हणून, आपल्याकडे तेव्हा बरेच जण करत तसं, प्रत्येक स्पीकर एकेका माठाच्या तोंडावर उपडा बसवला. एक माठ पुढच्या खोलीत, एक स्वयंपाकघरात, एक अक्कांकडे.

पहिल्यांदा गाणं लागलं तेव्हा मी पोळ्या लाटत होते. आवाज येण्याआधी वास आला — नव्या माठाचा, तापल्या मातीचा. मग त्या गोल पोटातून सूर असा निघाला की जणू विहिरीच्या तळाशी बसून कुणी गातं आहे. मी लाटणं बाजूला ठेवलं आणि माठाला हात लावला. तो थरथरत होता.

"आणखी एक गंमत," सुभाष म्हणाले. "स्पीकर म्हणजे कानही असतो. अ‍ॅम्प्लिफायर बंद असला, तरी हे माठ वायरीतून एकमेकांशी बोलतात. बारीक येतं, पण येतं."

त्यांनी अक्कांना हाक मारली. अक्का आपल्या माठाशी वाकून काहीतरी पुटपुटल्या, आणि आमच्या माठातून मुंगीच्या आवाजात उमटलं, "वसू, चहा ठेव वं."

त्यानंतर आठवड्याभरातली गोष्ट. दुपारचे तीन वाजले होते. वीज गेलेली, भिंती भाजलेल्या, डाळ मिलच्या बाजूने येणाऱ्या वाऱ्याला कोंड्याचा वास. मी पुढच्या खोलीत वाचत होते. पाणी प्यायला उठले, तर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशीच ऐकू आलं — माठात कुणी बोलत होतं. एक पुरुष, एक बाई. पुरुष म्हणजे सुभाष, त्यात शंकाच नव्हती. ते हसत होते, ते अंगणापलीकडचं हसू. शब्द कळत नव्हते. मी पाऊल आत टाकलं, आणि बाई एकदम हळू आवाजात म्हणाली, "ती उनी."

मग शांतता.

अहिराणी बोलणारे 'ण'चा 'न' करतात, एवढं व्याकरण मला येत होतं. पाणी — पानी. म्हणजे उणी — उनी. *ती उणी.* ती कमी आहे. तिच्यात काहीतरी नाही.

मी पाणी न पिताच परत आले.

पुढचे दहा-बारा दिवस तेच. तीनच्या सुमाराला माठ कुजबुजे, मी दारात आले की बाई म्हणे, "ती उनी," आणि सगळं थांबे. कधी मी चपला काढून भिंतीला धरून जाई, तरी तेच. अंगण ओलांडून अक्कांचं दार ठोठवावं असं एकदाही वाटलं नाही. जे मला आधीच ठाऊक होतं, ते डोळ्यांनी पाहायचं धैर्य नव्हतं.

शेवटी एका सकाळी अक्का अंगणात भांडी घासत असताना मी समोर उभी राहिले.

"अक्का, मी कशात उणी आहे ते मला तोंडावर सांगा."

त्यांनी राखेचे हात थांबवले. "उनी? कोन उनी?"

"मी."

"तू उनी? कथाईन उनी?"

त्या माझी थट्टा करताहेत, माझाच शब्द मला परत फेकताहेत, असं वाटून माझा तोल गेला. दोन वर्षांचं सगळं बाहेर पडलं. दुपारी दार लावून बसणं, हसणं, मला परकं ठेवणं. त्या वयाच्या, त्या नात्याच्या बाईला बोलू नये ते मी बोलले, तेही निर्दोष मराठीत. अक्कांना त्यातलं किती समजलं कोण जाणे. अर्थ मात्र समजला. त्यांचा चेहरा धुतलेल्या पाटीसारखा कोरा झाला.

"मी जास पिंपळनेरले," त्या म्हणाल्या. "मना भाऊनं घर शे तठे."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस.टी.ने त्या गेल्या. सुभाषनी त्यांना स्टँडवर सोडलं, परत आले, आणि शर्टाची बटणं लावता लावता भिंतीकडे पाहून म्हणाले, "तिनं मला वाढवलं आहे, वसुधा. तू तिला काय बोललीस ते मी विचारत नाही. पण ती परत आली नाही, तर या घरात आपण दोघं नुसते भाडेकरू."

ते कामावर गेले. मी अक्कांच्या खोलीला दोन्ही बाजूंनी कुलूप घातलं आणि किल्ल्या कमरेला लावल्या.

तीन वाजता मी अंगणात बसले होते, तेव्हा स्वयंपाकघरातला माठ बोलू लागला.

तोच पुरुष. तीच बाई. तेच मऊ हसू. माझ्या तळव्यांखालची फरशी गार झाली. मी अंगण धावत ओलांडलं, कुलूप उघडलं. खोली रिकामी होती. बंद खोलीचा कोंदट वास, दोरीवर अक्कांचं विसरलेलं पातळ, कोपऱ्यात गप्प माठ. मी परत धावले. स्वयंपाकघरातला माठ अजून बोलतच होता, मी उंबरा ओलांडला तशी बाई म्हणाली, "ती उनी."

तरीही मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? भीती नव्हे. मला वाटलं, म्हणजे ती अक्का नव्हती... तिसरीच कुणी आहे. मत्सर माणसाला किती धीट करतो, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी मी टू-इन-वन पुढच्या खोलीतून सोडवून आणला, सेल घातले, कोरी कॅसेट लावली आणि माठाच्या काठाशी ठेवला. तीनला पाच कमी असताना रेकॉर्डचं बटण दाबून बाहेर गेले. दहा मिनिटांनी आत आले. "ती उनी" ऐकलं. बटण बंद केलं. मी कॅसेट ऐकली नाही. ज्याच्याविरुद्ध पुरावा होता, त्याच्यासमोरच ती वाजवायची होती.

त्या दिवशी कारखान्यात मशीन बंद पडल्याने सुभाष दिवसभर तिथेच अडकले होते, हे मला ते आल्यावर कळलं. संध्याकाळचं ऊन अजून ओट्यावर होतं. मी कॅसेट सुरू केली.

टेपवर पुरुषाचा आवाज नव्हताच. होती फक्त बाई, आणि तिच्या दोन वाक्यांमध्ये मोकळ्या जागा.

सुभाषचा चेहरा उजळला. "अगं... कधी शिकलीस?"

"काय?"

"अहिराणी. तुझाच आवाज आहे ना हा."

आपला आवाज आपल्याला बाहेरून कधी ऐकू येत नाही. मी माझा आवाज त्या क्षणी पहिल्यांदा ऐकला. तो माझाच होता — किंचित घोगरा, वाक्याच्या शेवटी खाली उतरणारा. फक्त त्यात मी कधी न दाखवलेला मोकळेपणा होता.

टेपमधली मी म्हणाली, "कवय उना?"

मोकळी जागा.

सुभाष नकळत बोलून गेले, "आतेच."

"जेवना का?"

"नई. तुनी वाट दखी ऱ्हायनू."

आणि टेपमधली बाई हसली. नेमकी त्याच उत्तराला हसली. "भलता लबाड शे तू."

सुभाषही हसले, ते अंगणापलीकडचं हसू. माझ्यासमोर, माझ्या स्वयंपाकघरात, माझ्याच आवाजाशी... आणि मी ओट्याला टेकून उभी होते, परक्याच्या लग्नाला आल्यासारखी. आणखी दोन-तीन उत्तरांनंतर त्यांच्या लक्षात आलं की आपण कुणाशी बोलतो आहोत. ओठ थांबले. टेपवर "ती उनी" आलं, मग माझ्या पायांचा आवाज, मग खटका.

"हे मी बोललेले नाही," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बहुधा माझा चेहरा पाहूनच त्यांचा विश्वास बसला.

रविवारी आम्ही टू-इन-वन पिशवीत घालून पिंपळनेरला गेलो. अक्कांनी पाणी दिलं, माझ्याकडे न पाहता. मी त्यांच्या पायांशी बसले आणि कॅसेट लावली. त्या मान वाकडी करून ऐकत राहिल्या.

"हाऊ ते तुनाच आवाज शे," त्या म्हणाल्या. "किती गोड बोली ऱ्हायनी वं."

"अक्का, शेवटी ती मला उणी का म्हणते?"

अक्का गोंधळल्या. सुभाष मात्र माझ्याकडे बघतच राहिले. मग सावकाश म्हणाले, "उनी म्हणजे आली, वसुधा. 'ती उनी' म्हणजे 'ती आली'. 'कवय उना' म्हणजे 'कधी आलास', तसंच."

माझ्या कानांत एकदम ऊन शिरल्यासारखं झालं. अंगणातला तो प्रश्न आठवला — *कोन उनी? कथाईन उनी?* कोण आली, कुठून आली, एवढंच त्या बिचाऱ्या विचारत होत्या. मी त्यांचे पाय धरले. त्यांनी मला उठवलं आणि पदराने माझं नाक पुसलं, लहान मुलीचं पुसावं तसं. "एक शबद इचारती ते काय झायतं तुले," एवढंच म्हणाल्या. त्या आमच्याबरोबरच परतल्या.

भीती मला परतीच्या एस.टी.त वाटली. उणी म्हटलं असतं तर ती निंदा होती. *आली* म्हटलं, म्हणजे ते दोघं दर वेळी मला येताना पाहत होते.

माठ पुन्हा बोलला नाही. सुभाषनी सगळी वायर तपासली. भौतिकशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी सांगितलं की असं घरगुती सर्किट कधी कधी रेडिओ पकडतं. पकडत असेल. पण रेडिओवर माझा आवाज कसा, आणि जे प्रश्न विचारले गेले त्यांची उत्तरं माझ्या नवऱ्याला तोंडपाठ कशी, हे त्यांना सांगता आलं नाही. मलाही येत नाही.

अहिराणी मी नंतर अक्कांकडून शिकले. शेजारणी म्हणतात, तू इथलीच वाटतेस. सुभाष आता माझ्याशी त्याच भाषेत बोलतात. हवं ते मला मिळालं, असं कुणीही म्हणेल.

काही वर्षांनी ती कॅसेट मशीनमध्ये अडकून चुरगळली. सुभाष दोन दिवस नीट जेवले नाहीत. म्हणजे ते ती ऐकत होते, अधूनमधून, मी घरात नसताना. तिसऱ्या दिवशी मी कोरी कॅसेट आणली. सगळी वाक्यं मला पाठ होती. तीच म्हटली, त्याच क्रमाने, तेवढ्याच मोकळ्या जागा सोडून. आता उच्चारही चुकत नव्हते. संध्याकाळी ती त्यांच्यापुढे लावली.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकली. "भलतं गोड झायं," म्हणाले, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून अंगणात निघून गेले.

मोकळ्या जागांत ते एकदाही बोलले नाहीत.