उपाशी अळीची वाटी

थोरली म्हणजे बोलण्यात गूळ आणि पोटात बिब्बा. ती आणि धाकटी सख्ख्या जावा. घरी चूल एक, कामावर खोलीही एकच. उभं पीक फस्त करणाऱ्या अळ्या पाळायच्या, हे काम. थोरलीकडं फवाऱ्याला न जुमानणारं चिवट वाण, धाकटीकडं औषधाच्या वासानं मरणारं नाजूक. दोन्हींची जनुकं यंत्रावर वाचून एकमेकांशी ताडली की चिवटपणा कुठं दडलाय ते कळेल, असं प्रयोगशाळेतल्या बाई सांगायच्या. ही अळी भावाला भाऊ म्हणत नाही, समोर येईल त्याला खाते. म्हणून एका वाटीत एकच.

मग कळलं, दोघींतली एकच कामावर राहणार. बाईंचा ओढा धाकटीकडं; तिचा हात हलका. थोरलीचं पित्त खवळलं. हिला इथं चिकटवली कुणी, आणि उठवणार कुणाला?

यंत्राकडं पाठवायची अळी आधी उपाशी ठेवतात, पोटातला पाला वाचनात येऊ नये म्हणून. धाकटीच्या अशाच एका वाटीत थोरलीनं आपल्याकडची बारकी अळी सोडली. जेवणाची सुट्टी संपेतो वाटीत पुन्हा एकच अळी, तुकतुकीत.

वाचन आलं. नाजूक अळीत चिवटाची जनुकं. बाईंनी थोरलीला बाजूला घेतलं. घोळ एकाच वाटीत झाला असेल तर वाण वाचवता येईल, म्हणाल्या.

"एक कसली, बाई? झाकणं ती रोजच उघडी टाकते."

धाकटीच्या वाट्यांचे सगळे ट्रे, अळ्या मारायला, गोठणपेटीत गेले. ती रडली नाही, रिकाम्या वाट्या पुसत बसली. थोरलीनं तिला दारापर्यंत सोडलं, वर सांगितलं, घरी गेल्यावर पीठ मळून ठेव, मला उशीर होईल.

परत येते तो बाई तिच्याच ट्रेंसमोर उभ्या.

"हेही टाका पेटीत. नाजूक वाण संपलं, आता ताडायचं कशाशी? फवारा न बसलेलं शेत उरलंय कुठं, की नवं आणू? काम बंद."

ती एकच वाटी होती, हे थोरलीच्या ओठावर आलं. पण गोठलेली अळी काही उठून चालणार नव्हती. तिनं ट्रे उचलले.

घरी धाकटी पीठ मळत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "तुमचं तरी राहिलं ना, ताई?"

थोरलीनं निवांत हात धुतले.

"झाकणं नीट लावली असतीस, तर दोघींचं राहिलं असतं," म्हणाली, आणि ताट ओढून बसली.