सन्मानपत्रातून गाळलेला शब्द

महिन्यातून एका शनिवारी मी मध्ययुगात जाते. अमेरिकेतल्या आमच्या पिस्कॅटवेहून गाडीनं पंचवीस मिनिटं लागतात. बाकीच्या काकू त्या वेळी आयसेलिनच्या देशी बाजारात भेंडी निवडत असतात आणि मी एका चर्चच्या हॉलमध्ये राजासमोर बसलेली असते. राजाचं एरवी पाइप आणि नळांचं दुकान आहे. मुकुट प्लॅस्टिकच्या डब्यातून येतो, सिंहासन प्लायवुडचं आहे आणि चिलखत चढवल्यावर राजाला वाकता येत नाही, म्हणून त्याच्या बुटाची नाडी राणी बांधते. पण मध्ययुगाचा खेळ मांडणारी ही हौशी मंडळी सगळं इतक्या मनापासून करतात की हसणाऱ्यालाच ओशाळल्यासारखं होतं.

मला तिथे नेलं माझ्या मुलीनं. ती फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे तलवारबाजांच्या संगतीत तिला कामाची कमी नाही. पहिल्या मेजवानीला मी हौसेनं बटाटेवडे नेले आणि स्वयंपाकघरातली मंडळी एकमेकांकडे बघू लागली. बटाटा मध्ययुगात चालत नाही म्हणे, तो अमेरिकेतून जगभर नंतर गेला. मिरचीसुद्धा तशीच.

"पण आपण अमेरिकेतच उभे आहोत ना?" मी विचारलं. वडे मात्र दहा मिनिटांत संपले.

मुलीच्या मित्रमैत्रिणींमुळे सगळेच मला काकू म्हणू लागले. पुढे एकदा दरबारात पुकारा करणाऱ्या भालदारानं "हर एक्सलन्सी, द काकू!" अशी ललकारी दिली तेव्हा माझ्या लक्षात आलं, हे लोक काकू ही पदवी समजून बसलेत. मी दुरुस्ती केली नाही. माझ्या सख्ख्या पुतण्यांनीही हा शब्द एवढ्या आदरानं कधी उच्चारला नव्हता.

तिथली रीत अशी आहे. कुणी चांगलं काम केलं की राजा त्याला दरबारात बोलावून सन्मानपत्र देतो. जाड कागद, कडेनं रंगीत वेलबुट्टी, थोडा सोन्याचा वर्ख आणि मध्ये मजकूर. मजकूर पद्यात असला तर मान अधिक. ज्याला ते मिळणार, त्याला शेवटच्या क्षणापर्यंत सुगावा लागू द्यायचा नाही. माझी मुलगी अक्षर सुंदर काढते, पण कविता म्हटलं की तिला घाम फुटतो.

"आई, यू कॅन काउंट सिलेबल्स. तेवढं बास," ती म्हणाली.

नागपूरला असताना मी काही वर्षं शाळेत मराठी शिकवत होते. ओवी मध्ययुगातलीच आहे हे कळल्यावर मंडळी हरखून गेली. तेव्हापासून मी ओव्या रचते, मुलगी त्यांचं इंग्रजी करते आणि कागदावर दोन्ही उतरवते. भालदार आधी मराठी वाचतो, मग इंग्रजी. त्याला 'ळ' येत नाही. बिचारा गाडी चालवताना सराव करतो असं ऐकल्यापासून मी त्याला टोकणं सोडून दिलं आहे.

गेल्या वसंतात माझ्याकडे आलं ते भांडी घासणाऱ्याचं सन्मानपत्र. हा पन्नाशीतला गृहस्थ आठवडाभर एका शाळेत साफसफाईचं काम करतो आणि शनिवारी येऊन मेजवानीची पातेली घासतो. तलवार नाही, नाच नाही, गाणं नाही. अकरा वर्षं नुसती पातेली. त्याच्या मागून आलेल्यांना सन्मानपत्रं मिळाली, हा सिंकपाशीच राहिला. असल्या माणसासाठी ओवी लिहायला मिळणार म्हणून मी खूश होते.

अडचण एका शब्दाची होती. या सन्मानपत्रात एक ठरलेलं विधान असतंच: आजपासून हा माणूस नोबल. म्हणजे थोर, कुलीन, खानदानी, काय म्हणाल ते. एरवी मी ते निमूट लिहीत असे, कारण ज्यांच्यासाठी लिहायचं ते मखमली झगे घालून मिरवणारे हौशी लोक असत. पण या कष्टाळू माणसाला 'कुलीन' म्हणताना माझं डोकं सटकलं. दुसऱ्यांच्या जन्मानं मोठं असण्याची किंमत आमच्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या मोजलेली. विहारात पहिल्यांदा शिकलेली गोष्ट कुठली, तर माणूस कुळावरून जोखू नये. म्हणून मी अशी अखेर केली:

कुळ कुणाचे पुसू नये ।
जन्म कुणाचा मोजू नये ।
माणसा उंच म्हणू नये ।
काम उंच ॥

नऊ, नऊ, नऊ आणि चार. अक्षरं चोख बसली आणि मी स्वतःवरच खूश झाले.

"आई, 'नोबल' कुठे आहे? एव्हरी स्क्रोल हॅज इट," मुलगी म्हणाली.

"माझ्या ओवीत नाही."

"लोक त्याचीच वाट बघतात, यार."

"बघू देत. काम मोठं असतं, माणसाला कशाला झूल पांघरायची?"

तिनं डोळे फिरवले आणि लिहायला घेतलं. माझ्याशी वाद घालून फायदा नाही हे तिला बालवाडीपासून माहीत आहे.

दरबार दुपारी होता. सकाळी मी स्वयंपाकघरात कांदे चिरत होते. शेजारच्या खुर्चीवर एक म्हातारी बाई गाजरं सोलत होती. ठेवणीतला निळा ड्रेस, डोक्यावर हॅट. ती त्या भांडी घासणाऱ्याची आई. माझ्या मुलीनं तिला गुपचूप बोलावून घेतलं होतं आणि त्याला 'सहज जेवायला आलीय' असं सांगितलं होतं. तो बाहेर पाण्याच्या बादल्या भरायला गेला तशी ती माझ्याकडे झुकली.

"कविता तुम्ही लिहिलीत ना?" तिनं इंग्रजीत विचारलं. "त्यात त्याला नोबल म्हणतात, हो ना? माझा जन्म लोकांची घरं पुसण्यात गेला. काम छान करतेस, असं सगळ्या मालकिणी म्हणायच्या. माझं नाव मात्र एकीलाही धड घेता आलं नाही. म्हटलं, मरायच्या आत आमच्या घरातल्या एकाबद्दल तरी तो शब्द ऐकावा."

माझी सुरी कांद्यातच थांबली. माझी आई नागपूरला लोकांची धुणी धुवायची. "बाईंचं काम कसं, अगदी चोख," असं त्या घरांत म्हणत आणि तिच्या चहाची कपबशी बाहेर पडवीत वेगळी ठेवत. काम उंच! तीच कपबशी मी नऊ-नऊ अक्षरांत मांडून ठेवली होती. मला स्वतःची इतकी लाज वाटली की कांदा हाताशी होता ते बरंच झालं. जन्मानं मिळालेल्या मोठेपणावर माझा राग होता, तो बरोबरच होता. पण या माणसाला ते जन्मानं कुठे मिळत होतं? अकरा वर्षं पातेली घासून तो तिथवर आला आणि दारात मी उभी, 'माणसा उंच म्हणू नये' म्हणत.

मी मुलीला हाताला धरून कोपऱ्यात नेलं. "शेवटच्या दोन ओळी बदलायच्यात."

"आता? आई, इट्स इन इंक!"

"मग खरवडून काढ."

माझं तोंड बघून तिनं कागद कापायचा चाकू काढला. जाड कागदावरची शाई धारदार पात्यानं हलकेच खरवडता येते, जुने लेखनिकही तसंच करायचे. ती श्वास रोखून मराठी आणि इंग्रजी दोन्ही ओळी खरवडत होती आणि मी तिच्या डोक्यावर उभी राहून बोटांवर अक्षरं मोजत होते. अखेर झालं ते असं:

थोर हा, शंका धरू नये ।
कुळ येथून ॥

शेवटी एक अक्षर जास्त झालं. राहू दे म्हटलं. इंग्रजीत तिनं 'तो नोबल आहे, याबद्दल कुणी शंका घेऊ नये. याचं घराणं इथून सुरू' अशा अर्थाचं लिहिलं आणि शाई वाळावी म्हणून दोघी आळीपाळीनं फुंकर घालत बसलो.

दुपारी भालदारानं त्याचं नाव पुकारलं तेव्हा तो सिंकपाशीच होता. दोघांनी त्याला अक्षरशः ओढत आणलं. एप्रन तसाच, बाह्या कोपरापर्यंत ओल्या. राजापुढे गुडघे टेकून तो जमिनीकडे बघत राहिला. भालदारानं ओव्या वाचल्या, मग इंग्रजी. 'नोबल' आला तसा टाळ्यांचा गजर झाला आणि पुढचं काही ऐकूच आलं नाही.

टाळ्या ओसरल्यावर त्याची आई माझ्या शेजारी खुर्चीचा हात धरून उठून उभी राहिली.

"माफ करा," ती मोठ्यानं म्हणाली. "ते परत एकदा वाचाल का?"

भालदारानं राजाकडे पाहिलं. राजानं मान हलवली. भालदारानं कागद पुन्हा उघडला आणि ती इंग्रजी ओळ सावकाश, एकेक शब्द वेगळा करून वाचली. या वेळी कुणीही टाळी वाजवली नाही. तिच्या मुलानं मान वर करून आईकडे पाहिलं.

मग तो शब्द तिनं स्वतः म्हटला, त्याच्या नावाला जोडून, आणि खाली बसली.