शेजारच्या ताऱ्याचा कार्बन

बाईंनी मला बाहेरून दहावीला बसायच्या सतरा नंबरच्या फॉर्मवर सही करायला लावली, हे आधी सांगते. नाहीतर मुखेडकडून, सातवीत शाळा सुटल्यावर, पनवेलला म्हाताऱ्या माणसांना सांभाळायला आलेली मी हे लिहायला बसलेच नसते.

बाई म्हणजे निवृत्त विज्ञान शिक्षिका. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू; घरात एकट्या, मुलगी इस्रायलला. नजर अधू झालेली. पहिल्याच दिवशी विचारलं, "वाचता येतं का गं?"

"अडखळते, बाई."

"अडखळ की. मला कुठे गाडी पकडायचीय?"

"कोणाकडून?" हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. कढीपत्ता आणला तरी कोणाकडून, सर्दी झाली तरी कोणाकडून.

शनिवारी पेनाला हात लावायचा नाही, हा त्यांच्या धर्माचा नेम. अशाच एका शनिवारी मी मासिकातून बटू कार्बन ताऱ्यांबद्दल वाचत होते. कार्बन बनतो मोठ्या ताऱ्याच्या पोटात, तोही म्हातारपणी. मग या लहानग्यात आला कसा? मला कळेना, आणि बाईंना आकृती काढता येईना. माझा हात धरून त्या परसात आल्या. मागची भिंत काळीकुट्ट.

"ही काजळी कोणाकडून?"

"शेजारच्या खाणावळीकडून. पण ती तर कधीच बंद पडली."

"तसंच हे. शेजारचा मोठा तारा म्हातारपणी फुगला, पोटातला कार्बन वर आला, वाऱ्यासारखा उडाला. थोडा या धाकट्यावर बसला. मोठा आता आकसून श्वेत बटू झालाय, बहुतेक वेळा दिसतही नाही. शास्त्रज्ञांनाही आधी वाटायचं, एवढ्याशा ताऱ्यात कार्बन असेलच कसा?"

"म्हणजे त्याचं स्वतःचं काहीच नाही," मी म्हटलं. का कोण जाणे, मी ती काजळी बोटाने खरवडत राहिले.

"घेतलं ना त्याने? ते कोणी केलं?"

सोमवारी बाईंनी दहावीचा फॉर्म मागवला. नापास झाले तर गावात काय तोंड दाखवू, म्हणून मी तो चार दिवस गादीखाली दडवला. शेवटी बाईंनी स्वतः काढून समोर ठेवला.

पण परीक्षेआधीच बाई विसरायला लागल्या. गॅस चालू राही, मुलीचं नाव आठवत नसे. मुलगी त्यांना इस्रायलला न्यायला आली. मी म्हटलं, "तुम्ही नाही तर मी पेपरला बसत नाही."

"मग इतके दिवस मी काय खुर्चीला शिकवत होते?" बाई कडाडल्या. मग गाडीत बसताना माझं बोट सोडेनात.

निकाल लागला तसा फोन केला. "बाई, पास झाले मी! विज्ञानात सत्तर!"

"अरे वा. छान हं." मग म्हणाल्या, "कोण बोलतंय?"

आता बारावीचा फॉर्म भरलाय, मग नर्सिंग. तिकडे इस्रायलला आपल्याकडच्या बायकांना सेवेचं काम मिळतं म्हणतात. भीती वाटते, उशीर तर होणार नाही? पण मी येणार, बाई. तुमचे केस विंचरीन, घास भरवीन. मी कोण, हे रोज विचारलंत तरी रोज सांगेन.