बाई शिकल्या ती खूण

सुमतीबाईंची आणि माझी पहिली भेट माझ्या फजितीने झाली. साठचं दशक सरत आलं होतं. कलकत्त्यातल्या मूकबधिरांच्या एका लहानशा शाळेत मी नोकरी मागायला गेलो आणि तिथल्या मुलांशी जोरजोरात बोलू लागलो. "अहो, ओरडू नका," बाई म्हणाल्या, "ती बहिरी आहेत, आम्ही नाही." तरी त्यांनी मला ठेवून घेतलं आणि खुणांची भाषा शिकवली.

आज बाई साठ वर्षांच्या होत आहेत. त्यांच्या कार्याविषयी या गौरवग्रंथात अधिकारी मंडळी लिहितीलच. मी माझी एक घोडचूक सांगणार आहे, कारण बाई मला खऱ्या कळल्या त्या तिथे. ज्यांची ही हकीकत, त्यांच्या संमतीने, नाव बदलून लिहितो.

शरद आमचा जुना विद्यार्थी. खिदिरपूरच्या एका छापखान्यात खिळे जुळवत असे. वडील कस्टम्समध्ये अधिकारी. घरात कुणालाच खुणा येत नव्हत्या. त्याच्या लग्नासाठी नागपूरची एक मुलगी जवळजवळ पक्की झाली होती. शरद नको म्हणत होता, पण का, ते घरच्यांना कळेना. त्यांनी बाईंना बोलावलं आणि बाईंनी दुभाषी म्हणून मला पुढे बसवलं.

शरदने एक खूण केली. ती मला ठाऊक नव्हती; पुरुषांवरच्या प्रेमाविषयी काही असावं, एवढा अंदाज आला. त्यासाठी मुलं एकमेकांना चिडवताना करतात ती हिणकस खूण तेवढी मला येत होती. "म्हणजे हेच ना?" असं विचारत मी ती करून दाखवली. शरद ताडकन उठून निघून गेला.

"पण बाई, अर्थ तोच ना?" मी बाहेर आल्यावर म्हणालो.

"तुम्हाला कुणी शिवी देऊन नाव विचारलं, तर सांगाल?"

पुढच्या रविवारी बाई मला घेऊन फोर्ट विल्यमजवळच्या मैदानावर गेल्या. शरद आणि त्याचे बहिरे मित्र तिथे जमत. आधी मला माफी मागायला लावली. मग गवतावर बसून त्यांनी शरदला विचारलं, "तू स्वतःला काय म्हणतोस? मला शिकव." पुरुषावर प्रेम करणारा पुरुष, बाईवर प्रेम करणारी बाई, पुरुषाच्या देहात जन्मलेली बाई, या सगळ्यांसाठी त्या मंडळींनी आपापसात खुणा घडवल्या होत्या. हिणवणं कशातच नव्हतं. बाईंचा अंगठा सारखा चुकायचा, मंडळी हसायची, बाई पुन्हा करायच्या. शेवटी त्यांनी विचारलं, "आईबाबांना सांगू?" शरदने होकार दिला.

त्या घरी बाई स्वतः दुभाषी झाल्या. शरदचे हात चालत होते, बाई बोलत होत्या. "माझं मन पुरुषांवर जडतं. लग्न केलं तर त्या मुलीचं आयुष्य फुकट जाईल."

वडील भडकले. "बाई, त्याला समजवायला बोलावलं होतं तुम्हाला!"

"त्याचं म्हणणं तुम्हाला सांगणं एवढंच माझं काम. आणि तुमचं हे बोलणंही आत्ताच त्याला सांगितलं मी."

लग्न मोडलं. वडिलांनी बाईंशी बोलणंच टाकलं. पण महिन्याभराने शरदच्या आई एकट्या शाळेत आल्या. म्हणाल्या, "बाई, मला त्याला फक्त 'जेव' आणि 'झोप' सांगता येतं. पुढचं शिकवा." त्या बालवर्गाच्या छोट्या बाकावर बसून शिकल्या.

हल्ली सकाळी बाईंची बोटं आखडतात. ती मोकळी राहोत. गेल्याच आठवड्यात शरद आणि त्याची आई माझ्यादेखत दोन्ही हातांनी कडाडून भांडले, अर्धा तास. असली भांडणं पाहायला बाईंना शंभर वर्षांचं निरोगी आयुष्य लाभो.