शिराजकाका आणि शिळं पाणी

थांबा, हे आत्ता टाइप केलं नाही तर राहून जाईल. काल ऑफिसच्या पार्टीत कुणीतरी हातात रेड वाइन दिली, म्हणाला शिराज आहे, आणि मला थेट आमची लालबागची चाळ आठवली. शिराजकाका आठवले.

काका या शिराज जातीच्या द्राक्षाबद्दल असं बोलायचे, जणू लग्नाचं स्थळ सांगतायत. "रंग सावळा, दाणा बारीक, कातडी जाड. आणि स्वभाव तिखट, मिरीसारखो." आई हसायची, "काका, मुलगी सांगताय की द्राक्ष?"

काका मिलमध्ये विणकर होते. संपानंतर मिलनं परत घेतलंच नाही. मग बरीच वर्षं नाशिकला एका वाइनच्या बागेत राबले. परत आले ते शिराजची एक काडी घेऊन. तेलाच्या डब्यात लावली, गॅलरीच्या कठड्यावर चढवली. म्हणायचे, "नाव इराणचा, मूळ फ्रान्सचा, वाढला नाशकात. आपलाच माणूस तो. आपणही गाव सोडूनच जगलो ना?"

त्यांना एकच घोस हवा होता. काकीसाठी. "संपात हिनं आधी माका वाढलान, मग उरला तर स्वतः खाल्लान. आता पयलो घोस हिका."

पण आमच्या चाळीची रीत माहितीये ना? सकाळी नळ आला की कालचं पाणी शिळं. ते ओतायचं आणि ताजं भरायचं. ओतायचं कुठे, तर काकांच्या वेलीत. प्रत्येक घरातून एक तांब्या, प्रेमानं. काका मला हळूच सांगायचे, "वेलीक तहान लागाक व्हयी रे, तेव्हाच रस दाट होता." मी म्हटलं, मग सांगा ना सगळ्यांना. तर म्हणाले, "संपात ह्याच घरांनी भाकरी दिली. आता त्यांच्या पाण्याक नको म्हणू?"

एका वर्षी बारकासा फुलोरा आला. काका दिवसभर खुर्ची टाकून समोर बसले. मग पानं पिवळी पडली, फुलोरा गळला. डबा उलटा केला तर मुळं काळी, कुजलेली.

काकी दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "अहो, मी तर रोज दोन तांबे ओतायचे. तुम्ही झोपलेले असताना."

काका बराच वेळ मुळांवरची माती झाडत राहिले. मग म्हणाले, "म्हणून एवढी हिरवीगार होती गो."

दुसरी काडी त्यांनी आणली नाही. पुढे दोघं गावी गेली, आणि काका तिकडेच वारले. काल पहिला घोट घेतला तर खरंच शेवटी जिभेवर मिरी लागली. काकींना मात्र ही चव कधीच मिळाली नाही.

तुमच्याही गॅलरीत असं काही मेलंय का हो, सगळ्यांनी मिळून जपता जपता?