रेशनकार्डावरची दुसरी मुलगी

आम्हा नवराबायकोला मुलगी एकच. रेशनकार्डावर दोन झाल्या त्या माझ्यामुळे, हे आधीच सांगून टाकतो.

जावई कॅनडात. लग्नात त्याने ताटातल्या तांदळावर अंगठीने मुलीचं नवं नाव लिहिलं. मुलगी म्हणत होती, "बाबा, ते तांदळातच राहू द्या." मी चौथी शिकलेलो, पण रीत मला कळते. चार माणसांसमोर ठेवलेलं नाव कागदावर का नको? लग्नाच्या दाखल्यावर, पासपोर्टवर तेच घालायला लावलं. रेशनकार्डावर चढवायला तर मी स्वतः गेलेलो. त्यांनी चढवलं, जुनंही तसंच ठेवलं.

जावयाने तिला न्यायचा अर्ज भरला. ठाण्याचा एजंट म्हणाला, "काका, जन्मदाखल्यावरची आणि पासपोर्टवरची बाई एकच, याला पुरावा लागेल." दोन्ही नावं एकाच कागदावर, यापेक्षा मोठा पुरावा कुठला? मी रुबाबात रेशनकार्ड दिलं.

चार महिन्यांनी तिकडून पत्र आलं. बहिणीचा जन्मदाखला चालणार नाही, बायकोचा पाठवा.

"बहिणीचं नाव कमी करून आणा," एजंट म्हणाला.

"तिला बहीण नाही."

"मला माहितीय, काका. कार्डाला माहीत नाही."

लग्नाला दीड वर्ष होऊन मुलगी अजून विठ्ठलवाडीत, माझ्याच घरी. तिला घेऊन रेशनिंगच्या ऑफिसात जुनं नाव कमी करायला गेलो. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "कमी करायचं कारण? लग्न, मृत्यू की स्थलांतर?"

"लग्न." दाखला पुढे केला.

"यावर दुसरीचं नाव आहे, आजोबा."

"दुसरी नाहीच. ही काय, समोर उभी आहे."

बाईंनी चष्मा वर केला. "ही कुठली?"

"दोन्ही," मुलगी म्हणाली.

"मग लग्न नाही चालणार. मृत्यू लिहू?"

"बाई, पोरगी तुमच्यासमोर उभी असताना मी ती मेली म्हणून सही करू? कार्ड फाडा हवं तर."

"मग स्थलांतर. कुठे गेली?"

मी तणतणत म्हणालो, "कॅनडाला."

त्यांनी लिहिलं, शिक्का मारला. पुरावा एकही मागितला नाही.

अशी माझी बिनलग्नाची मुलगी व्हिसाशिवाय कॅनडाला गेली. दुसरी परवा नवऱ्याला फोनवर सांगत होती, "ती पोचली असेल तर तिलाच जेवण करायला सांग. मला अजून वेळ आहे."